सव्वा महिन्याचे पोर्तुगीज

"सर, मी इथे सौदीत, राबिघमध्ये जन्मले. अठरा वर्षं इथेच राहिले. तरी माझ्या राहण्याच्या परवान्यावर, इकाम्यावर, ‘डिपेंडंट’ असं लिहिलेलं आहे. आणि माझे आजोबा गोव्यात फक्त सव्वा महिना राहिले, तर ते पोर्तुगीज. हे कसं काय?"

कम्युनिटी हॉलमधले चाळीस-पन्नास लोक समोशाचा घास गालात तसाच धरून मागे वळले. शेवटच्या रांगेत इरा आरोंदेकर उभी होती, हात अजून वरच. तिच्या दोन्ही बाजूंना सुहाना आणि अफशाँ ओढणीत तोंड खुपसून हसू दाबत होत्या. पैज त्यांनीच लावली होती. "सगळ्यांसमोर विचारून दाखव, महिनाभर कँटीनचा फलाफल आमच्याकडून." इराने फलाफलसाठी विचारलं असं कुणाला वाटत असेल तर तो तिचा अपमान आहे. पैज नसती तरी तिने विचारलंच असतं, फक्त जरा हळू आवाजात.

समोर माइक धरून उभे होते सुरेश सर. पोर्तुगीज पासपोर्ट काढून देणारे सल्लागार, खास जेद्दाहून आलेले. त्यांच्या टायवर एक रंगीत कोंबडा होता. तो साधासुधा कोंबडा नसून पोर्तुगालचा कोंबडा आहे, हे त्यांनी भाषणाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं.

"बेटा, फार हुशार आहेस," ते म्हणाले. "कायदा आहे तो. एकोणीस डिसेंबर एकसष्टच्या आधी गोव्यात जन्मलेला माणूस, मग त्याची मुलं, नातवंडं. कायद्याला ‘कसं काय’ विचारायचं नसतं. कायद्याचा फायदा घ्यायचा असतो."

हॉल खळखळून हसला. सगळ्यांत मोठ्याने हसले रत्नाकर आरोंदेकर, म्हणजे इराचे बाबा. हसता हसता शेजारच्याला सांगूनही टाकलं, "माझीच मुलगी." आईने मात्र मागे वळून असे डोळे वटारले की अफशाँ आपोआप खाली बसली, उभी नसतानाही.

आता हे आजोबांचं सव्वा महिन्याचं प्रकरण काय, ते सांगायला हवं.

इराचे आजोबा केरू आरोंदेकर हे सावंतवाडीजवळच्या आरोंद्याचे. गावाच्या अंगाला तेरेखोलची खाडी, आणि खाडीपलीकडे किरणपाणी, म्हणजे गोवा. आज तिथे हाक मारली तर पलीकडचा ओ देतो. पण सत्तेचाळीस साली पलीकडे पोर्तुगीजांचं राज्य होतं. आजोबांची आई मथुरा ही त्या पलीकडची. लग्न होऊन अलीकडे आलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून आठव्या महिन्यात होडीत बसून ती किरणपाणीला गेली. तिथे आजोबा जन्मले, आणि सव्वा महिन्याने आईच्या कुशीत बसून त्याच होडीने परत आले. या मुक्कामात दूध पिणं, रडणं आणि दुपटी ओली करणं यापलीकडे त्यांनी पोर्तुगालसाठी काहीएक केलेलं नव्हतं. पण तेवढ्यावर आता तीन पिढ्या युरोपात जाणार होत्या.

आणि इरा? तिच्या वेळी आईलाही माहेरी, कुडाळला जायचं होतं. बॅग भरून तयार होती. पण बाहेर जाऊन परत यायचा कागद कफीलच्या, म्हणजे बाबांच्या सौदी मालकाच्या टेबलावर अडकला. तो सुटला तोवर डॉक्टरांनी विमानात बसू नका म्हणून सांगितलं. त्यामुळे इरा राबिघच्या सरकारी दवाखान्यात जन्मली. तिने समुद्र पाहिला तो तांबडा. तिला वाळूच्या वादळाचा वास अर्धा तास आधी कळतो, दुकानदाराशी अरबीत हुज्जत घालता येते, आणि बांग ऐकून किती वाजले ते घड्याळ न बघता सांगता येतं. या सगळ्याचे गुण शून्य. सव्वा महिन्याला मात्र पैकीच्या पैकी.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार अठरात, कॉलनीत लोक एकमेकांना "कसे आहात?" असं विचारायचे बंद झाले होते. "अजून आहात का?" असं विचारायचे. सौदायझेशनचा, म्हणजे परदेशी माणसाच्या जागी सौदी माणूस नेमण्याचा, जोर होता. दर आठवड्याला कुणाच्या तरी दारावर ‘सोफा विकणे आहे’ चा कागद लागायचा, आणि पुढच्या शुक्रवारी त्याच घरातली मांजर जिन्यात ओरडत फिरायची. इराचे बाबा रिफायनरीत मेंटेनन्सचं नियोजन बघायचे. बावीस वर्षं. आता त्यांचं खरं काम एकच उरलं होतं, स्वतःचं काम माजिदला शिकवणं. ते शिकवून झालं की खलास. माजिद तिशीतला सौदी इंजिनियर, स्वभावाने गरीब. बाबांना "उस्ताज" म्हणायचा, घरून खजूर आणायचा. इराला त्याचा राग कधीच आला नाही. तो बिचारा निदान आपल्याच देशात राहत होता.

राग यायचा तो बाबांचा. कारण हेच बाबा वर्षानुवर्षं पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांची टर उडवत आले होते. "पंधरा ऑगस्टला झेंडा फडकवायचा आणि सोळाला लिस्बनची रांग धरायची, लाज नाही वाटत?" हे त्यांचं पेटंट वाक्य. शाळेच्या झेंडावंदनाच्या कमिटीवर ते सलग नऊ वर्षं होते. इराने घरात इंग्रजीत उत्तर दिलं की "आरोंद्याची आहेस तू, आरोंद्याची!" म्हणून कान उपटायचे. आणि आता तेच बाबा दाढी करता करता मोबाइलवर पोर्तुगीज शिकवणाऱ्या बाईच्या मागून "बों दिया, बों दिया" म्हणत होते. इराने बाथरूमच्या दारावर टकटक करून विचारलं होतं, "बाबा, आरोंद्यात असं म्हणतात का?" आतून बाबांनी नळ मोठा सोडला.

आईचं वेगळंच. तिने शेजारच्या खुर्शीदकाकींना सांगून टाकलं, "आमच्या सासऱ्यांचं आजोळ गोव्याचं ना, त्यामुळे आमच्यात मुळातच थोडं युरोपियन वळण आहे." हे सांगताना ती तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या तिखल्यात भाकरी बुडवत होती. खुर्शीदकाकी रत्नागिरीच्या. त्यांनी अत्यंत गंभीर चेहऱ्याने मान डोलावली आणि घरी जाऊन पोट धरून हसल्या, असं सुहानाने सांगितलं. खुर्शीदकाकी सुहानाची आई.

तर हॉलमधल्या त्या सभेनंतर तिसऱ्या आठवड्यात सुरेश सर घरी आले. शुक्रवारची दुपार. गोव्यातल्या त्यांच्या माणसाने पेडण्याच्या जुन्या दप्तरातून आजोबांच्या जन्माच्या नोंदीची नक्कल काढून पाठवली होती. आईने कांदाभजी केली होती आणि ठेवणीतले कप काढले होते. बाबांनी टेबल दोनदा पुसलं.

सुरेश सरांनी नक्कल उलगडली आणि बोट ठेवून वाचायला लागले. "हे बघा. केरू. पुल्लिंगी. जन्म पाच मे सत्तेचाळीस. गाव किरणपाणी. सगळं अगदी व्यवस्थित. वडील..." ते थांबले. चष्मा वर केला. "वडील भिकू परब. आई सत्यभामा परब."

भजी तोंडापर्यंत नेलेला बाबांचा हात तिथेच राहिला. "काहीतरी चुकतंय. माझ्या आजोबांचं नाव नारायण. आजीचं मथुरा. भिकू परब म्हणजे आजीचा भाऊ, सत्यभामा त्याची बायको."

"म्हणजे तुमच्या वडलांचा मामा?"

"हो."

"मग ते कागदावर बाप कसे झाले?"

याचं उत्तर जगात एकाच माणसाला ठाऊक असणार. इराने आजोबांना व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी बराच वेळ नुसतं छप्पर दिसलं, मग एक कान, मग आजोबा.

"काय गो बाये, अभ्यास काय म्हणता?"

"आजोबा, अभ्यास राहू दे. तुमच्या जन्माच्या कागदावर वडील म्हणून भिकू परबांचं नाव आहे."

आजोबा असे हसायला लागले की पडद्यावर परत छप्पर आलं. "भिकूमामा! त्येनाच घातलान असतला. आवस सांगी माका. माझो बापूस हयसर आरोंद्याक, वाडीच्या राजाच्या मुलखात. पलतडी जावक परवानो होयो. मामा गेलो पेडण्याक नाव लावक. क्लार्कान इचारल्यान, बापूस खय? मामान सांगल्यान, पलतडी. क्लार्क म्हणता, मगे त्येका घेवन ये, त्येचे कागद घेवन ये. आता मे महिन्याचा ऊन, चलत जावचा, चलत येवचा. मामा म्हणालो, रे जळ्ळा तां, माझोच घाल. झाला! घराक येवन जेवलो."

म्हणजे एवढंच. भिकूमामांना पेडण्याचा दुसरा हेलपाटा नको होता. त्यांनी भाच्याला मुलगा म्हणून लावला, जेवले आणि वामकुक्षी केली. पुढे सत्तर वर्षं त्या कागदाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. कोण बघणार? आजोबांची शाळा आरोंद्यात, नोकरी वाडीत, सगळीकडे वडलांचं नाव नारायण.

इराला हसू आवरेना. तिला वाटलं, चला, संपलं एकदाचं. पण सुरेश सर अजिबात हसत नव्हते. त्यांनी फोन कापल्यावर एक भजं खाल्लं, बोटं टिशूला पुसली आणि म्हणाले, "काही प्रॉब्लेम नाही. अशा केसेस आम्ही रोज करतो."

"दुरुस्ती होते?" बाबांनी विचारलं.

"दुरुस्तीला गोव्यात कोर्टात जावं लागेल. साक्षीपुरावे, तारखा. पाच वर्षं, दहा वर्षं, कोण सांगणार? तुमच्याकडे वेळ किती आहे?"

बाबांनी भज्यांची बशी सरांकडे सरकवली. रमजान संपला की त्यांचा करार संपणार होता, हे टेबलावरच्या सगळ्यांना माहीत होतं.

"म्हणून उलट करायचं," सुरेश सर म्हणाले. "कागद बदलायचा नाही, माणूस बदलायचा. तुमचे वडील एक प्रतिज्ञापत्र करतील की मी भिकू आणि सत्यभामा परब यांचा मुलगा. लहानपणी आरोंदेकरांनी सांभाळला, म्हणून आडनाव बदललं. तुम्ही तिघं खाली लिहून द्यायचं की हे आम्हाला माहीत आहे आणि खरं आहे. तिघंही अठराच्या वर, त्यामुळे तिघांच्या सह्या वेगवेगळ्या. एकाने जरी सही केली नाही तरी फाइल संशयात जाते. एवढं झालं की मोकळे."

"म्हणजे मथुरापणजी?" इराने विचारलं.

"त्यांचं काय?"

"ती कोण मग?"

"कागदोपत्री शेजारीण म्हण, आत्या म्हण. बेटा, त्या आता आहेत का?"

"नाहीत."

"मग त्यांची हरकत नाही," असं म्हणून सुरेश सरांनी दुसरं भजं उचललं.

इराच्या अंगाचा तिळपापड झाला. "सर, एक सांगा. हे लोक गोव्यावर राज्य करत होते तेव्हा भिकूमामांना मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायची तर आधी कचेरीत दाखवून मंजूर करून आणावी लागायची. आजोबांनीच सांगितलंय. बहिणीच्या घरी खाडीपलीकडे जायचं तर परवाना. तेव्हा नागरिकांचे हक्क कुठे होते? हाकलून दिल्यावर बरी आठवण झाली?"

"तीच भरपाई समज ना."

"पत्रिकेची भरपाई पणजीला पुसून?"

"इरा," आई म्हणाली, "आत जा आणि चटणी आण."

"चटणी समोरच आहे."

"मग दुसरी आण!"

सुरेश सर गेले आणि घरात भांडणाला मोकळं मैदान मिळालं. बाबा आधी समजुतीने बोलले, मग चढ्या आवाजात, मग परत समजुतीने. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असंही नाही, हीच तर पंचाईत होती. शेहेचाळीस वर्षांच्या माणसाला कुडाळ-वाडीत कुठली रिफायनरी नोकरी देणार? बहिणीचं लग्न, घराचा स्लॅब, इराची शाळा, सगळं याच नोकरीवर झालेलं. "मला लिस्बनला नाचायला जायचं नाहीये," ते म्हणाले. "मला एकदा, आयुष्यात एकदा, असा कागद हवा आहे की ज्यावर दुसऱ्या माणसाची सही लागत नाही. इथे बावीस वर्षं मी सुट्टीवर जायला परवानगी मागितली. आई वारली तेव्हासुद्धा मागितली. तुला कळायचं नाही ते."

"मला कळत नाही? बाबा, मी तर तुमचीपण डिपेंडंट आहे! तुमच्या वरती कफील आणि माझ्या वरती तुम्ही."

"मग सही कर ना. सुटशील."

"खोटं लिहून?"

"अगं, एक कागद तर आहे!"

"इथे आपण कोण आहोत हे एक कागदच ठरवतो, आणि तुम्ही म्हणताय एक कागद तर आहे."

आई इतका वेळ कप धुत होती. ती पाठमोरीच म्हणाली, "सगळी दुनिया करते. आपणच कोण लागून गेलो शहाणे?"

शेवटी ठरलं की आजोबांनाच विचारायचं. इराची खात्री होती की आजोबा बाबांना असे फैलावर घेतील की पोर्तुगीज बाई मोबाइलमधून पळून जाईल. फोन स्पीकरवर ठेवला. बाबांनी सगळं सांगितलं, अडखळत, मध्ये मध्ये "तसं काही नाही, फक्त फॉर्मॅलिटी" असं म्हणत.

पलीकडे आजोबांनी आधी पंखा बंद केला. मग आजोबा म्हणाले, "करतंय सही. तुझा बरा होता तर मी खयही सही करीन रे रत्नाकरा. म्हाताऱ्याचा काय जाता?"

इराने फोन खरंच आरोंद्याला लागलाय ना ते पाहिलं.

"फक्त एक इचारतंय," आजोबा पुढे म्हणाले, अगदी सहज, पावसाबद्दल विचारावं तसं. "म्हाळाक भटजी आवशीचा नाव इचारता. मगे मथुरा सांगू की सत्यभामा? नाय म्हणजे, मामी बरी होती. एकदा पेरू चोरलंय म्हणान बदडल्यान माका, पण तां जावंदे. माका आपला इचारून ठेवचा हां. तुमच्या साहेबांक इचार आणि कळय."

बाबांनी "हो, विचारतो" म्हणून फोन ठेवला. आईने टेबल पुसायला घेतलं आणि पुसलेलंच परत पुसत राहिली. दर पितृपक्षात आजोबा आंघोळ करून, दर्भाची अंगठी घालून बसतात आणि नावं घेतात, हे इराने एकदा सुट्टीत पाहिलं होतं. तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि खिरीकडे डोळे लावून होती. तरी भटजींनी "आई?" असं विचारलं आणि आजोबा "मथुरा" म्हणाले, तो आवाज तिला आठवत होता. एरवी गावभर ओरडत फिरणारे आजोबा तेव्हा शाळेत हजेरी देणाऱ्या पोरासारखे बोलले होते.

रविवारी शाळेत इराने सगळी कहाणी नकलांसह सांगितली. सुरेश सरांचा कोंबडा, भिकूमामांचं ऊन, आईची दुसरी चटणी. अफशाँ हसून हसून बाकावर आडवी झाली. श्रीवर्धनच्या तिच्या चुलत्याने राहण्याच्या परवान्यासाठी एका म्हाताऱ्या बाईला तीन वर्षं आई म्हटलं होतं, तेही तिने सांगून टाकलं. सुहाना मात्र हसली नाही. तिच्या वडलांना, हनीफचाचांना, फायनल एक्झिट मिळाला होता. म्हणजे पासपोर्टवर कायमचं बाहेर जायचा शिक्का. पंधरा दिवसांत ते सगळे रत्नागिरीला परतणार होते. बारावीची परीक्षा सुहाना तिकडे देणार होती की देणार नव्हती, ते अजून कुणालाच माहीत नव्हतं.

"तू नखरे करतेस, इरा," ती म्हणाली.

"मी?"

"हां, तूच. तुझ्या आज्याला निदान कुणीतरी चुकून लिहून तरी ठेवला. आमचा आजा चाळीस वर्षं बोटीवर. मुंबई, एडन, जेद्दा. सगळ्या बंदरांत राहिला आणि कुठल्याच कागदात नाही. तुझ्याकडे ‘नाही’ म्हणायला काहीतरी आहे. मला विचारतं कोण?"

इराने सँडविचचा कागद घडी घालून घालून पार बोटाएवढा केला.

"तू असतीस तर केली असतीस सही?"

सुहानाने विचार केला. खरंच केला, नुसतं तोंड नाही वाकडं केलं. "केली असती," ती म्हणाली. "आणि मग आयुष्यभर तुझा राग राग केला असता, की ही बाई का नाही करत म्हणून." मग तिने इराच्या हातातला कागद ओढून घेतला. "आणि फलाफल महिनाभर नाही मिळायचा. मी पंधरा दिवसच आहे. बाकीचे अफशाँकडून वसूल कर."

त्या दिवशी इरा बसने न जाता चालत घरी आली. डावीकडे रिफायनरीची धुराडी, उजवीकडे समुद्र, मध्ये ती. या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा तिला पाठ होता. पहिली सायकल इथे शिकली, गुडघ्यावरची खूण इथलीच. हा रस्ता आपला नाही हे तिला कुणी कधी तोंडावर सांगितलं नव्हतं, फक्त दर वर्षी इकाम्याची तारीख आली की घरातले आवाज खाली जायचे. आपण आजवर बाबांना हसलो, आईला हसलो, सुरेश सरांच्या कोंबड्याला हसलो. आणि स्वतः? इथून आपल्याला कुणी काढेपर्यंत चिकटून बसायचं, हेच आपणही करतोय की. माजिदला काम शिकवणाऱ्या बाबांपेक्षा आपण काय वेगळ्या आहोत? तिला स्वतःचाच असा काही राग आला की तिने एक दगड लाथेने थेट पेट्रोलपंपापर्यंत नेला.

घरी सुरेश सर येऊन गेले होते. टेबलावर प्रतिज्ञापत्र टाइप होऊन पडलेलं. बाबांची सही झाली नव्हती. पेन उघडून ठेवलेलं होतं, म्हणजे प्रयत्न झाला होता. आई समोर बसली होती, हात मांडीवर ठेवून, एखाद्या दवाखान्यात बसावं तशी.

"विचारलं का सरांना?" इराने दप्तर खाली ठेवत विचारलं. "आजोबांच्या म्हाळाचं?"

बाबा म्हणाले, "विचारलं. ते म्हणाले, तिथे कोण बघायला येतंय, काहीही नाव घ्या."

"आणि?"

"आणि काही नाही." बाबांनी पेनाचं टोपण शोधलं, मिळालं नाही. "मी त्याला म्हटलं, चहा संपला असेल तर निघा. तो म्हणाला, विचार करा, शनिवारपर्यंत वेळ आहे. मी विचारच करतोय." त्यांनी मान वर केली. "इरा, मी सही करणार नाही असं म्हणत नाहीये हां. मला अजून ठरवता येत नाहीये. मला भीती वाटते गं."

आयुष्यात पहिल्यांदाच बाबा असं काही बोलले होते. इराच्या जिभेवर नेहमीप्रमाणे एक टोमणा तयार होता, बों दियाचाच, छान धार लावलेला. तिने तो गिळला. खुर्ची ओढून ती दोघांच्या मधोमध बसली, प्रतिज्ञापत्राची घडी घातली आणि मीठदाणीखाली ठेवली.

"तुम्ही ठरवू नका, माझं ठरलंय," ती म्हणाली. "मी सही करणार नाही. आता नाही, शनिवारी नाही, कधीच नाही. फाइल माझ्यामुळे अडली असं खुशाल सांगा सगळ्यांना. आणि माझा फायनल एक्झिट लावा. बारावीचा शेवटचा पेपर झाला की मी आरोंद्याला आजोबांकडे जाणार. वाडीच्या कॉलेजात नाव घालीन. पेडण्याच्या कोर्टात दुरुस्तीचा अर्ज आजोबा करतील, लिहीन मी, आणि प्रत्येक तारखेला खाडी ओलांडून मीच त्यांना घेऊन जाईन. लागू देत दहा वर्षं. भिकूमामांनी टाळलेला हेलपाटा कुणाला तरी घालायलाच हवा. तोपर्यंत तुमची नोकरी गेली तर तिथेच या, घराला स्लॅब तुम्हीच घातलाय. आणि आई, रडू नकोस, मी काही पोर्तुगालला चाललेली नाही. बाबा, उद्या कफीलकडे जाल ना, तेव्हा एक नीट सांगा. परत यायचा शिक्का नको म्हणावं. मला राबिघला यायचं असेल तेव्हा मी माझ्या नावावर येईन, कुणाची डिपेंडंट म्हणून नाही."